परवान्यातलं अंगण

आमच्या शाळेत शिक्षक दोनच, मी आणि सर. खेळासाठी परवाना मागायचा हे सरांना शेवटपर्यंत पटलं नाही. तोच खेळ जव्हारला मोबाइलच्या दुकानात पेन ड्राइव्हवर मिळतो, दुकानदार टॅबमध्ये भरूनसुद्धा देतो, मग कंपनीला लिहायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. "बाई, खोडाळ्याच्या पुढे एसटी यायला कुरकुरते. ती कंपनी कुठून येते आपल्याला पकडायला?"

कंपनी येणार नाही हे मलाही कळत होतं. पण चोरून आणलेली वस्तू बिघडली तर तक्रार कोणाकडे करायची? आणि मुलांना मी सांगायचं की दुसऱ्याची पेन्सिल विचारून घ्या, आणि स्वतः दुकानातून उचललेला खेळ लावायचा, हे मला जमलं नसतं. तत्त्व वगैरे काही नाही. मुलं विचारतात, आणि उत्तर देत बसायला मला वेळ नसतो.

टॅब आधीच आले होते. एका संस्थेने दिले, फोटो काढले आणि ती माणसं गेली. टॅब सात आणि पहिली ते चौथी मिळून मुलं वीस-बावीस. त्यात भरलेली गाणी मुलांची महिन्याभरात पाठ झाली, मग टॅब कपाटात गेले. पुढे जव्हारला एका प्रशिक्षणात गाव वसवायचा एक खेळ दाखवला. पडद्यावर मोकळी टेकडी, ओढा आणि जंगल असतं. झाडं तोडायची, माती खणायची, चौकोनी तुकडे एकावर एक रचून घर बांधायचं, शेत करायचं. मला त्यात क्षेत्रफळ दिसलं. लांबी गुणिले रुंदी आमची मुलं घडाघडा म्हणतात, पण पाड्यावर शेत मोजतात ते त्यात किती बियाणं पडतं त्यावर. चौरस मीटर म्हणजे काय हे हाताने रचल्याशिवाय त्यांच्या डोक्यात बसणार नव्हतं.

हा खेळ बाजारात विकला जातो तो घरी खेळण्यासाठी. घेणाऱ्याने स्वतःपुरता खेळावा, अशी त्याची अट असते. वर्गात मुलांच्या गटाला द्यायचा तर शाळेचा परवाना वेगळा. मी कंपनीला लिहिलं. आमच्यासारख्या लहान शाळांना तो जवळजवळ फुकट होता. अटी मात्र लांबलचक होत्या, त्या मी खोडाळ्याला, आठवडाभर राहते त्या भाड्याच्या खोलीत बसून सगळ्या वाचल्या. प्रत्येक मुलाच्या नावाने एक जागा. कंपनी तिला सीट म्हणायची. त्या जागेवर त्याच मुलाने खेळायचं. त्याने बांधलेलं त्यालाच मोडता किंवा बदलता येईल, दुसऱ्याला नाही. एखादी जागा बरेच दिवस वापरली नाही तर ती मोकळी होईल, तिथलं बांधकाम पुसलं जाईल आणि ती दुसऱ्या मुलाला देता येईल. मला हे सगळं रास्त वाटलं. न वापरलेली जागा अडवून कशाला ठेवायची? मी सही केली.

शाळेत नेटवर्क नाही. खेळ त्याशिवाय चालतो, पण आठवड्यातून एकदा टॅब कंपनीला जोडावे लागतात. ते काम शनिवारी, मी जव्हारला घरी जाताना खोडाळ्याच्या बाजारात उभी राहून करायची.

पावसाळाभर मुलांनी गाव वसवलं. मला वाटलं होतं, ओळीत घरं बांधतील, पुस्तकातल्या चित्रासारखी. त्यांनी तसं काही केलं नाही. एक घर इथे, दुसरं हाकेच्या अंतरावर, मध्ये झाडं. विहीर खाली, शेतं त्याहून खाली. खेळात वाघ नव्हता, तरी वेशीवर वाघदेवाचा दगड उभा केला, कारण तो आधी बसवल्याशिवाय घर बांधायला कोणी तयार होईना. वर्तुळाकार रस्ता करायची सूचना मी एकदा केली. मुलांनी ऐकून घेतली आणि सोडून दिली.

चौथीतली एक मुलगी सगळ्यात मागे राहिली होती. बाकीच्यांची छपरं चढली तरी तिचं घर उभंच नव्हतं. मी रागावले, तर म्हणाली, लाकूड आणायला गेले होते. जवळच्या झाडांचं लाकूड फिकं होतं. तिला तांबडं हवं होतं, आणि तांबड्या लाकडाची झाडं त्या टेकडीच्या पार पलीकडे, खेळातले कितीतरी दिवस चालल्यावर लागत. ती एकटी जायची, दोन-दोन तुकडे आणायची. टॅब दोघींत एक होता, त्यामुळे शेजारी बसणारी तिची मैत्रीण कंटाळून जायची. पण खांब उभे राहिले तेव्हा सगळा वर्ग बघायला जमला. ओढ्याच्या वरच्या अंगाला, तांबड्या खांबांचं, एका दाराचं घर. पुढे ओटी, ओटीपुढे अंगण.

अंगणाचंच काम मोठं होतं. त्या खेळात उघडी माती ठेवली की चार-सहा दिवसांत तिच्यावर गवत चढतं. बाकीचे दगड टाकून मोकळे झाले. ही दर वेळी गवत काढायची आणि ताजी माती पसरायची. मी विचारलं, दगड का नाही टाकत? तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शेणाऐवजी सिमेंटने सारवायला सांगत होते. मग खरंच लक्षात आलं, की मी तेच सांगत होते.

हुशार होती. क्षेत्रफळ तिला सगळ्यांच्या आधी आलं, कारण अंगणाला किती माती लागते हे तिला दर आठवड्याला ठरवायला लागायचं. आमची शाळा चौथीपर्यंतच. पुढे आश्रमशाळा, तिथे राहायचं. पाड्यावरच्या मुलींपैकी कोण तिथवर पोचेल याचा माझा एक अंदाज असतो, आणि तो फारसा चुकत नाही. ही पोचेल असं मला वाटत होतं. पण तिच्या घरचे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारे होते. इकडे त्याला जगायला जाणं म्हणतात. चौथीच्या वर्षी जी मुलगी जगायला जाते, ती पाचवीत सहसा दिसत नाही. भट्टीवरून परत येते ती मोठी होऊन येते, मग तिला शाळेत कोण घालतं?

म्हणून मी दिवाळीच्या आधी तिच्या आईकडे गेले. हिला मागे ठेवा, मामाच्या घरी राहील, जेवणाचं बघू, असं सगळं सांगितलं. आई सुपात धान्य पाखडत होती. पाखडणं थांबवलं नाही.

"हिला ठेवली तर धाकट्याला कोण बघंल? तुम्ही येता का भट्टीवर, बाई?"

शेजारच्या बायका हसल्या. एक म्हणाली, बाईंना विटा मोजायला बसवू, हिशोब तरी नीट लागंल. मीही हसले. दुसरं काय करणार? आमच्या माहेरी जमीन आहे, भात होतो, वर नागली होते, भाऊ तलाठी कार्यालयात आहे. आमच्यातलं कोणी कधी जगायला गेलं नाही. असल्या माणसाने कोणाला मागे राहा म्हणून किती सांगायचं, याला मर्यादा आहे.

ट्रक आला त्या सकाळी मुलगी शाळेत आली, दप्तर न घेता. मी हजेरी मांडत होते. ती दारातच उभी राहिली.

"बाई, माझं घर ऱ्हाईल ना? मी येन तोवर?"

"राहील. तू ये म्हणजे झालं."

ती गेली. तिच्याबरोबर आणखी चार-पाच मुलं गेली. वर्गात बसायला ऐसपैस झालं. दरवर्षीच होतं.

अटींमधली ती ओळ मला दुसऱ्या दिवशी आठवली: जागा न वापरल्यास बांधकाम पुसलं जाईल. मी हिशोब केला की संक्रांतीच्या सुमारास ते घर जाईल. ती तर पावसाच्या तोंडाशी येणार. आल्यावर घर दिसलं नाही तर ती शाळेत येईल का? एका खेळातल्या घरावर कोणाची शाळा अडू नये, हे खरं. पण मला दुसरं काही धरायला नव्हतं. परत यायचं म्हणून तिने तोंडाने मागितलेली तेवढी एकच गोष्ट होती.

संक्रांत गेली. घर होतं. मला नवल वाटलं, मग वाटलं की कंपनी म्हणते तितकी काटेकोर नसावी. चांगलंच आहे, म्हणून मी खोलात गेले नाही.

आणि मग एका सोमवारी सातही टॅबवर कुलपाचं चित्र आलं. खोडाळ्याला जाऊन पाहिलं तर कंपनीचं पत्र येऊन पडलेलं. एका मुलाच्या नावावर दुसरी मुलं वारंवार शिरत आहेत, हा परवान्याचा भंग आहे, सबब शाळेचा वापर थांबवला आहे.

मी वर्गाला विचारलं. कोणी लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. तिची मैत्रीण उभी राहिली. "बाई, तिनं सांगलेलं, माझं अंगण बघा म्हणून. गवत येतं ना."

एवढ्यावर मला उलगडलं. पाड्यावर घर बंद करून कोणी जगायला गेलं की शेजारी त्याचं अंगण राखतात. कोंबड्या सांभाळतात, सणाच्या आधी सारवतात. अंगणात गवत दिसलं म्हणजे ते घर सुटलं, त्यातली माणसं परत यायची नाहीत, असं धरतात. हे मी ऐकून होते. मुलांनी खेळात तेच केलं होतं. मालकाशिवाय दुसऱ्याला अंगणाला हात लावता येत नाही, म्हणून मालकाच्याच नावाने शिरत होती. शिरायला पासवर्ड लागतो, तो चित्रांचा होता. तीन चित्रं निवडायची. सगळ्यांनी मिळून कोंबडी, झाड आणि सूर्य निवडले होते. पासवर्ड कोणाला सांगायचा नाही असं मी बजावलं होतं. पण पाड्यावर दाराला कडी असते ती कुत्रं आत जाऊ नये म्हणून.

सर म्हणाले, "दुकानातून घेतला असता तर कुलूप लागलं नसतं." हे त्यांनी एकदाच म्हटलं.

शनिवारी जव्हारला आले. आमच्या गल्लीत बोलणं तुटतं, म्हणून फोन घेऊन शिरपामाळावर गेले. तिथे नेटवर्क चांगलं मिळतं. महाराजांच्या मुक्कामाची जागा, त्यामुळे सुट्टीला बरीच माणसं येतात. गाड्या लागलेल्या, मुलं पळताहेत, कोणी झेंड्याबरोबर फोटो काढतंय. मी एका कडेला उभी राहून कंपनीच्या पुण्याच्या माणसाशी बोलत होते. आवाजावरून तिशीच्या आतला, बोलणं अगदी नम्र.

त्याने मला अट वाचून दाखवली. मी म्हटलं, अट मला पाठ आहे. पण मुलं तिथे खेळायला जात नाहीत, गवत काढायला जातात.

तो म्हणाला, "मॅडम, म्हणजे नेमकं काय करतात?"

सांगितलं. मग त्याने विचारलं की ही चार-पाच मुलं शाळा सोडून गेली आहेत का. नाही म्हटलं. मग हजर आहेत का? तेही नाही. त्याच्या समोरच्या पडद्यावर या दोनच चौकटी असाव्यात. जगायला जाणं म्हणजे काय हे पुण्यातल्या माणसाला फोनवर समजावायला वेळ लागतो. त्याने मात्र ऐकून घेतलं. मध्येच त्याने मला थांबायला सांगून वरच्या कोणाला तरी विचारायला फोन धरून ठेवला, तेवढ्यात नाशिककडच्या एका कुटुंबाने मला त्यांचा फोटो काढायला सांगितला. माझा फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून मी त्यांच्या फोनवर तो काढला. आजोबांचं डोकं कापलं गेलं, म्हणून पुन्हा काढला.

तो परत आला तो उपाय घेऊन. अनुपस्थित मुलांच्या जागा मोकळ्या करा, सोमवारी सकाळी कुलूप निघेल. मुलं परत आली की त्यांना नवी जागा देऊ, जास्तीचं काही लागणार नाही.

हा उपाय चांगला होता. मी त्याच्या जागी असते तर मीही तोच दिला असता. हजर असलेल्या मुलांचे टॅब सुरू होणार, परवाना राहणार, चार-पाच घरं जाणार. कोणताही व्यवहारी माणूस हो म्हणेल, आणि मी आयुष्यभर व्यवहारीच वागत आले आहे.

"नवी जागा नको," मी म्हटलं. "तीच हवी आहे."

तो म्हणाला, मग एकच मार्ग उरतो. परवाना मुलांच्या नावाने नको, शाळेच्या नावाने घ्या. सगळं गाव शाळेचं, सगळी घरं शाळेची, कोणाच्याही अंगणाला कोणीही हात लावू शकेल, काहीही पुसलं जाणार नाही. पण तो परवाना एका पडद्याचा असतो. शिक्षकाने लावायचा, वर्गाने बघायचा. उरलेले सहा टॅब बंद.

"विचार करून सांगा, मॅडम. बाकीच्या मुलांचं नुकसान होईल."

ते खरंच होतं. रात्रभर काही मी विचार केला नाही, मला झोप चांगली लागते. पण सोमवारी शाळेत जाईपर्यंत माझं ठरलेलंही नव्हतं. नुकसान मुलांचं, तर त्यांनाच विचारावं, म्हणून दोन्ही बाजू फळ्यावर मांडल्या. इकडे सात टॅब आणि गेलेली घरं, तिकडे एक टॅब आणि सगळी घरं. सरांनी स्वतःहून दुसरी बाजू समजावली, एका टॅबवर पंधरा-सोळा जणांचा नंबर कधी लागणार ते उदाहरण देऊन सांगितलं. हे त्यांनी बरोबर केलं.

मुलांनी फार वेळ घेतला नाही. मैत्रीण म्हणाली, "एकच चालंल, बाई. पाड्यात टीव्ही पण एकच हाय."

दुसरीतल्या एकाने विचारलं की मग माझा नंबर कधी? त्याला कोणीतरी सांगितलं, तुझ्या आधी माझा, आणि त्यावरून भांडण झालं. घरांचा विषय त्यांच्या दृष्टीने संपला होता.

त्यानंतरचे महिने मला फार सोयीचे गेले असं म्हणणार नाही. टॅब खिडकीत उभा करायचा, सगळ्यांनी अर्धगोल करून बसायचं. तास निम्मा गवत काढण्यात जायचा. आधी गेलेल्यांची अंगणं, मग आपापली. मी चिडून एकदा घड्याळ लावलं. मग त्यातूनच गणितं घालायला लागले: हिचं अंगण सहा बाय नऊ, त्याचं सात बाय आठ, कोणाला माती जास्त लागेल? चौरस मीटर त्या वर्षीच्या वर्गाला जसा समजला, तसा पुन्हा कोणत्याच वर्गाला समजला नाही.

होळीला माणसं कुठूनही घरी येतात. भट्टीवरून दोन घरं आली, त्यांची मुलं शाळेत डोकावून आपली अंगणं बघून गेली. ती आली नाही. तिचा बाप आगाऊ पैशांची उचल घेऊन बसला होता, मुकादमाने सोडलं नाही, असं त्यांच्याकडून कळलं. पोरगी बरी आहे का, विचारलं. बरी आहे, लांब झाली, म्हणाले. लांब झाली म्हणजे उंच. हा शब्द मी दिवसभर डोक्यातून काढू शकले नाही. नऊ-दहा वर्षांची मुलगी चार महिन्यांत किती लांब होते?

सुट्टी लागली तेव्हा मैत्रिणीने मला बजावलं की आता अंगण तुम्ही करा. टॅब माझ्याकडेच असणार होता. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला कारण नव्हतं. मे महिन्यात तिकडे वर सूर्यमाळला टँकरची वाट बघत बायका दिवस काढत होत्या, आमच्या जव्हारलाही नळ एक दिवसाआड. मी सकाळचं पाणी भरून झालं की पायरीवर टॅब घेऊन बसायची आणि गवत काढायची. माझ्या मुलीने विचारलं, आपलं अंगण शेवटचं कधी झाडलंस? नवऱ्याने तिला गप्प केलं, पण तोही हसत होता.

सवय लागली होती हे खरं. गवत काढून झालं तरी मी टॅब लगेच बंद करत नसे. त्या खेळात माणूस नुसता उभा करून ठेवता येतो. तिच्या ओटीवर त्याला उभा करायची. समोर ओढा दिसे, पलीकडे टेकडी, टेकडीवरून तिने लाकूड आणलेली वाट. तिथून कोणी येणार नव्हतं. हे मला माहीत असूनही मी पाहत बसत असे, आणि मग भाजी चिरायला उठत असे. चाळीस मुलींना मी आजवर चौथीतून पुढे पाठवलं असेल किंवा जाऊ दिलं असेल. कोणासाठी असं बसले नव्हते. का, ते मला सांगता येणार नाही. तिच्याशी माझं बोलणंसुद्धा फार नव्हतं.

शाळा उघडायच्या आधी दाखल्याची कामं असतात म्हणून मी शाळेत गेले. आश्रमशाळेच्या प्रवेशाची मुदत संपत आली होती. तिचा दाखला लिहून ठेवला होता, न्यायला कोणी आलेलं नव्हतं. दुपारी ती आईबरोबर आली. खरोखर लांब झाली होती. हात भाजल्यासारखे लाल-काळे. धाकटा आईच्या कडेवर नव्हता, चालत होता. आई म्हणाली, आता हा चालतो, घाला हिला कुठं घालायची तिथं. इतक्या साध्या गोष्टीवर सगळं अडलं होतं आणि इतक्या साध्या गोष्टीने सुटलं. मी फोन करून जागा पक्की केली. दाखला तिच्या आईच्या हातात दिला.

मग मुलीने टॅबकडे पाहिलं. मी लावून दिला.

मैत्रीण कुठूनतरी कळून धावत आली होती, आणखी दोन-तीन पोरं. सगळ्यांनी तिला अंगण दाखवलं. गवताची काडी नव्हती. तिने खेळातल्या माणसाला अंगणात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवून आणलं. मग ओटीवर नेलं, आत नेलं, बाहेर आणलं. आणि मग छपरावर चढवून तिने छप्पर उतरवायला सुरुवात केली.

मला आधी वाटलं, चुकून हात लागला. पण ती नीट, वरून खाली, क्रमाने उतरवत होती. आधी छप्पर, मग आडवी लाकडं, मग कुडाच्या भिंती.

"राहू दे की," मी म्हटलं. "इथे कोणी पुसणार नाही आता. सगळं शाळेचं आहे."

"मी आश्रमशाळंत चालले ना बाई. रिकामं घर ठेवत नाय." मग मैत्रिणीकडे बघून म्हणाली, "ह्यांनी किती दिवस सारवायाचं?"

तिच्या आईने मान हलवली. बरोबर बोलते असं. ही रीत मात्र मी ऐकलेली नव्हती, की जगायला जातात तेव्हा घर राखायचं, पण कायमचं जायचं तर उभं सोडून जायचं नाही. लाकडं काढायची, बरोबर न्यायची किंवा ज्याला लागतील त्याला द्यायची. सोडलेलं घर गावात उभं राहिलं तर ते शेजाऱ्यांच्या गळ्यात पडतं. माझ्या माहेरच्या विटांच्या घराला हे कधी सुचणार नाही. ते घर कोणाला देता येत नाही.

मला तिला थांबवायचं होतं. शिक्षक म्हणून थांबवण्यासारखं त्यात काही नव्हतं. जे मिळवायला मी पुण्याच्या माणसाशी भांडले, सहा टॅब बंद पाडले, सगळा मे महिना पायरीवर बसले, ते मिळालं होतं. ती परत आली होती, पुढे शिकायला चालली होती. आणि म्हणूनच घर उतरत होतं. दोन्ही गोष्टी एकदम मिळायच्या नव्हत्या, हे मला त्या दिवशी कळलं असं नाही. मी तसा विचारच केला नव्हता.

खांब काढून तिने मैत्रिणीच्या ओटीवर रचून ठेवले. "ज्याला लागतील त्यानं घ्या," म्हणाली. उठली, परकराला हात पुसले, आणि दोघी मायलेकी धाकट्याला मध्ये घेऊन गेल्या. मी निघताना तिला काहीतरी सांगणार होते, नीट अभ्यास कर वगैरे. ते राहिलं.

ती तिकडे चांगली आहे असं ऐकते. एसटी आश्रमशाळेच्या फाट्यावरून जाते. एकदा उतरायला हवं, असं दर शनिवारी मनात येतं. पण पुढची गाडी उशिरा असते, आणि घरी कामं असतात.

परवाना मी दरवर्षी वाढवून घेते, तोच, एका पडद्याचा. सर आता काही म्हणत नाहीत. उलट परवा मुदत संपत आल्याची आठवण त्यांनीच केली. वर्ग बदलला, मैत्रीणही चौथी होऊन गेली. ओढ्याच्या वरच्या अंगाला गवत आहे. तिथे कोणी बांधू नये असं मी कधी म्हटलेलं नाही, पण कोणी बांधलंही नाही.

तिची लाकडं मात्र गावभर झाली. एका पोराच्या गोठ्याला दोन खांब आहेत. विहिरीच्या रहाटाला एक आडवं आहे. पहिलीतल्या एका मुलीने यंदा घर घातलं, तिच्या दाराची चौकट त्याच लाकडाची. फिक्या भिंतीत तांबडी उठून दिसते. तिने मला विचारलं की असं लाकूड कुठे मिळतं. मी तिला टेकडीपलीकडची वाट दाखवली आणि सांगितलं की लांब आहे, पण जाता येतं.